फोन कुणाचा, प्रश्न कुणाचा

क्षयरोगाच्या गोळ्यांची एक वेगळीच पाकिटं मधली काही वर्षं सरकारी दवाखान्यांतून मिळत होती. जाड कागदाचं वेष्टण, आत गोळ्यांची पट्टी. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला एक फोन नंबर दिसायचा. उद्याच्या गोळीमागे कोणता नंबर आहे, हे उद्याची गोळी काढल्याशिवाय कळायची सोय नव्हती. रुग्णाने घरच्या फोनवरून त्या नंबरला फोन लावायचा. पैसे पडत नसत. तिकडे संगणकात नोंद होई: आजची गोळी घेतली. नोंद आली नाही तर आरोग्य कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर संदेश जाई. या पद्धतीचं नाव ९९डॉट्स.

कल्पना हुशारीची होती, यात वाद नाही. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, बटणांचा साधा फोन पुरे. त्याआधीची रीत म्हणजे आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जायचं आणि कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. हातावर पोट असणाऱ्याचा निम्मा दिवस त्यात जायचा, आणि गल्लीतल्या कुणी पाहिलं तर चर्चा वेगळीच. घरच्या घरी गोळी आणि एक फोन, ही त्या मानाने सुटकाच होती.

मग मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर इथे एचआयव्ही आणि क्षय असे दोन्ही आजार असलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला. संशोधकांची माणसं न सांगता घरी गेली, लघवीचा नमुना घेतला आणि त्यात आयसोनियाझिड या औषधाचा अंश सापडतो का ते तपासलं. मग तो निकाल आणि संगणकातली नोंद शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींचा मेळ बसेना. गोळी घेतलेली पण फोन न केलेली माणसं बरीच निघाली. उलट, गोळी न घेतलेल्यांपैकीही कित्येकांच्या नावापुढे ‘घेतली’ अशी नोंद होती. (काही नोंदी रुग्णांच्या फोनवरून झालेल्या, काही कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेल्या. सरकारी रकाने रिकामे राहत नाहीत, हे आपल्याला नवीन नाही.)

याचा सोपा अर्थ आपल्याकडे लगेच लावला जातो: लोक अडाणी आहेत, त्यांना तंत्रज्ञान झेपत नाही, आधी डिजिटल साक्षरता वाढवा. मला हा अर्थ मुळीच पटत नाही. ज्या माणसाला भिशीचा हिशेब फोनवर ठेवता येतो, गावाकडे पैसे पाठवता येतात, रेल्वेचं तात्काळ तिकीट मिळवता येतं, त्याला एक नंबर फिरवता येत नाही? तो फिरवत नाही, कारण फिरवून त्याच्या पदरात काही पडत नाही.

दुसऱ्या महिन्यातला क्षयरुग्ण कसा असतो ते बघा. खोकला थांबलेला, ताप गेलेला, वजन थोडं भरायला लागलेलं. बरं वाटतंय, पण गोळ्यांनी मळमळतं. लघवी केशरी होते, ती पाहून पोटात गोळा येतो. सांधे धरतात. त्याच्या मनात प्रश्न आहेत: हे असंच होणार की काही बिघडलंय? घरात तान्हं मूल आहे, त्याला लागण होईल का? मुकादमाला सांगू की नको? एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायच्या का? पाकिटातून उघड्या पडलेल्या त्या नंबरवर यातलं एकही विचारता येत नव्हतं. पलीकडून माणूस बोलतच नसे. तो फोन सरकारच्या एकाच प्रश्नाचं उत्तर मागत होता: घेतली का? आणि ज्याच्या तब्येतीचा हा सगळा खटाटोप, त्याचे चार प्रश्न तसेच राहत होते. शिवाय फोन घरात एकच असेल, तो घेऊन थोरला कामावर गेला असेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज हा नंबर लावणार का? चाळीत रोज ठरल्या वेळी कुणाला तरी न बोलता फोन करणारा माणूस किती दिवस नजरेआड राहील?

याच्या शेजारी नैरोबीचं उदाहरण ठेवावंसं वाटतं. तिथल्या १७ दवाखान्यांतल्या क्षयरुग्णांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. फोन तसाच साधा. रोज गोळीची आठवण येई, रुग्णाने घेतली म्हणून कळवायचं. हवी असेल तर आजाराची माहिती तिथेच मिळे. आणि कळवलं नाही तर, वारंवार आठवण करूनही गप्प राहिला तर, एक माणूस त्याच्याशी संपर्क साधे आणि काय अडलंय ते विचारी. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत शंभरातल्या साधारण १३ जणांचा उपचार फसला होता. या गटात तो आकडा चारवर आला.

एका शहरातल्या एका प्रयोगावर इमारत उभी करू नये, हे मान्य. चीनमध्ये आणि इथिओपियात गोळ्यांच्या इलेक्ट्रॉनिक डब्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. डबी उघडली की नोंद होते, ठरल्या वेळी ती वाजते. अंतिम निकालात म्हणावा असा फरक त्यांत दिसला नाही. मी दोन्हींचा अर्थ असा लावतो की फोन किंवा डबी ही स्वतः काही करत नाही. तिच्यामुळे रुग्णाच्या आयुष्यात एक विचारपूस करणारा माणूस वाढला, की फक्त कर्मचाऱ्यापुढे आणखी एक पडदा वाढला, यावर सगळं ठरतं.

डिजिटल उपचारांबद्दल रुग्णांना काय वाटतं, हे विचारणाऱ्या पाहण्यांत विश्वास, साक्षरता, नेटवर्क, भाषा असे रकाने असतात. मला त्यात एक रकाना हवा आहे: हे साधन कुणाच्या प्रश्नाचं उत्तर देतं? त्याचं उत्तर ‘रुग्णाच्या’ असं असेल तर बाकीच्या अडचणींतून लोक वाट काढतात, आणि ‘कार्यालयाच्या’ असं असेल तर कितीही शिबिरं घ्या, आठवड्यात लोक ते सोडून देतात.

दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर घ्या. नाण्याएवढी चकती, चौदा दिवस चालते, फोन जवळ नेला की साखर किती ते दिसतं आणि चढतेय की उतरतेय तो बाणही दिसतो. महाग आहे, महिन्याला दोन लागतात, मध्यमवर्गीयालाही ओझं होतं. तरीही ज्यांनी लावला ते दिवसातून वीस वेळा फोन बघतात. पुरणपोळी खाल्ली, बघितला. भाकरी खाऊन चालून आले, बघितला. यांना कुणी साक्षरतेचं शिबिर दिलेलं नव्हतं. सत्तरीचे आजोबा बाणाची दिशा वाचायला आपोआप शिकतात, कारण ‘मी हे खाल्लं तर चालेल का’ हा प्रश्न त्यांना दिवसातून चारदा पडतो आणि डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा भेटतात.

केसपेपरच्या खिडकीवर हेच दिसतं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी रुग्णालयांत एक सोय सुरू झाली: भिंतीवरचा क्यूआर कोड फोनने टिपायचा, ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यातली नाव-पत्त्याची माहिती आपोआप जाते आणि टोकन मिळतं. आभाची जाहिरात झाली ती ‘तुमच्या सगळ्या आरोग्यनोंदी एका ठिकाणी’ अशी. रांगेतल्या माणसाला विचारा, आभा म्हणजे काय? ‘ते नंबर लवकर लागतो ते.’ नोंदींचं त्याला काही देणंघेणं नाही. त्याच्या नोंदी प्लास्टिकच्या पिशवीत आहेत, घडीवर घडी घातलेल्या, एक्स-रेसकट, आणि ती पिशवी हरवत नाही. त्याला रांग चुकवायची आहे. मला यात काही वावगं वाटत नाही. उलट त्याने योजनेतला आपल्या उपयोगाचा भाग बरोबर हेरला. वावगं तेव्हा होतं जेव्हा कागदावर ऐच्छिक असलेली गोष्ट खिडकीवर सक्तीची होते आणि बिनफोनच्या म्हातारीला ‘आधी आभा काढून आणा’ म्हणून बाजूला उभं केलं जातं. रांग लहान करायला आणलेल्या सोयीने तिच्यासाठी रांग मोठी केली.

आणि त्या म्हातारीचा, किंवा तिच्या सुनेचा, फोन म्हणजे तरी काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरते असा मोबाईल ५४ टक्के जणींकडे होता, आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या एक तृतीयांश होत्या. त्यानंतर फोन वाढले असतील. पण आधारला जोडलेला नंबर बऱ्याच घरांत अजून कर्त्या पुरुषाचा असतो. आता दवाखान्यात उभ्या असलेल्या बाईचं आभा खातं काढायचं तर ओटीपी येतो त्या नंबरवर. नवरा गवंडीकामावर. ती दवाखान्यातल्या ताईंना फोन मागते, त्याला लावते: ‘अहो, एक नंबर आला असेल बघा.’ कशाला, कुठे आहेस, काय झालंय, हे सगळं ओघाने आलंच. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन आलेली, किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या मागायला आलेली बाई त्या क्षणी काय ठरवेल? ती म्हणेल, राहू द्या, पुढच्या वेळी बघू.

खासगीपणाची चर्चा आपण वेगळ्याच उंचीवरून करतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, झालाच पाहिजे होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि देशातलं एक अग्रगण्य रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चाललं, तेव्हा भीती खरी आहे हेही दिसलं. पण सामान्य रुग्णाला परदेशातल्या चोरापेक्षा घरातल्या नणंदेची धास्ती जास्त असते. क्षय झालाय हे सोयरिक जुळत असताना बाहेर जाऊ नये, वेडाच्या गोळ्या चालू आहेत हे मालकाला कळू नये. अशा घरात एकच फोन फिरत असेल, तर त्यावर येणारा ‘आपली औषधाची वेळ झाली’ हा संदेश सेवा न राहता चुगली ठरतो. संदेश पाठवणाऱ्याने फोन कुणाच्या हातात असतो हे विचारलेलं नसतं.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा डिजिटल उपचार मात्र कुठल्याही योजनेच्या आकडेवारीत नाही. तो म्हणजे व्हॉट्सअॅप. रात्री साडेदहाला फॅमिली डॉक्टरांना फोटो जातो: रक्ताचा रिपोर्ट, उलटा, वरून ट्यूबलाइटची तिरीप, कोपऱ्यात अंगठा. खाली, ‘डॉक्टर, रिपोर्ट आलाय, बघून सांगा.’ मग बाळाच्या पाठीवरच्या पुरळाचा फोटो. मग औषधाच्या रिकाम्या पट्टीचा, ‘हीच चालू ठेवू ना?’ आणि डॉक्टर सकाळी उत्तर देतात: ‘ठीक आहे, काळजी नको. सोमवारी दाखवून जा.’ एवढ्या ओळीवर एक घर रात्री नाही तरी सकाळी निर्धास्त होतं.

हे चालतं, कारण पलीकडचा माणूस ओळखीचा आहे. त्याने आधी कधी तरी नाडी धरलेली आहे, त्याच्या हाताला गुण आहे असा घरचा समज आहे, आणि चुकलं तर त्याच्या दवाखान्यात जाऊन भांडता येतं. वर्षानुवर्षं हा व्यवहार कायद्याच्या धूसर पट्ट्यात होता. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोकणातल्या एका प्रकरणात फोनवरून उपचार सांगण्यावर ताशेरे ओढले आणि अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा डॉक्टरांत चांगलीच घबराट पसरली होती. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि व्हॉट्सअॅपसारख्या माध्यमांचं नाव घेऊन त्यांना रीतसर जागा दिली. कोणती औषधं अशी लिहून देता येतील आणि कोणती मुळीच नाही, हेही ठरवलं. काम चांगलं झालं. पण डॉक्टरांच्या रात्री साडेदहाच्या वेळेचा मोबदला काय, हा प्रश्न कुणी घेतला नाही, आणि तो रुग्णही विचारत नाही. फुकट मिळतंय तोवर बरं, असा आपला सगळ्यांचाच स्वभाव.

याच व्हॉट्सअॅपवर आणखी एक रुग्णालय चालतं, ते कुटुंबाचं. आई साताऱ्यात, मुलगी पुण्यात, मुलगा न्यू जर्सीत. प्रयोगशाळेचा अहवाल थेट मुलाच्या ईमेलवर, कारण नोंदणी त्याने केली, पैसे त्याने भरले. तो तिकडच्या दुपारी वाचतो, बहिणीला फोन करतो, दोघं मिळून ठरवतात की आईला आत्ताच सांगायचं नाही. परदेशी राहून आईची काळजी वाहणाऱ्या मुलांची मी थट्टा करत नाही. या साधनांनी त्यांना खरोखर धीर दिला आहे. एवढंच की या व्यवस्थेत ‘वापरकर्ता’ मुलगा आहे, रुग्ण आई आहे, आणि आईला काय झालंय हे कळणारी आई ही शेवटची व्यक्ती आहे. तिचं मत कुठल्याच पाहणीत येत नाही.

आता ई-संजीवनी, म्हणजे दूरच्या डॉक्टरचा सल्ला पडद्यावरून मिळवून देणारी सरकारी सेवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ले पार झाले. आकडा ऐकून वाटतं, दहा कोटी वेळा लोकांनी घरून फोन उघडला आणि डॉक्टर गाठला. तसं नाही. बहुसंख्य सल्ले उपकेंद्रात होतात: रुग्ण समुदाय आरोग्य अधिकाऱ्यापुढे बसतो, ती रक्तदाब घेते, तक्रार टाइप करते, पडद्यावर पलीकडचा डॉक्टर दिसतो, आणि शक्य तर गोळ्या तिथल्या कपाटातूनच मिळतात. हे मी उणं काढायला सांगत नाही. माझ्या मते ई-संजीवनी जिथे चालते तिथे याच्यामुळेच चालते. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, जीपचं भाडं, आणि डॉक्टर रजेवर असेल तर सगळंच पाण्यात. त्याऐवजी गावातली ओळखीची ताई यंत्रासमोर बसवते आणि पडद्यावरचा डॉक्टर जे बोलला ते तिथल्या पावरी बोलीत समजावून सांगते. ‘त्यांनी तपासलंच नाही, नुसतं बोलले,’ ही तक्रार पहिल्यांदा येणारे करतात. बरं वाटलं की पुन्हा येतात.

बिघाड होतो तो आकडा हेच लक्ष्य झालं की. रोज इतके सल्ले झालेच पाहिजेत असा दट्ट्या लागला की खोकल्याच्या साध्या रुग्णालाही पडद्यापुढे बसवलं जातं, ज्याला ताई दोन मिनिटांत औषध देऊ शकली असती. रुग्णाला वाटतं, माझ्यासाठी चाललंय; खरं तर तो तक्त्यासाठी बसलेला असतो. लोकांना हे कळतं. खेड्यातला माणूस सरकारी तक्ता दुरूनही ओळखतो.

मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविडची लस हवी तर कोविन या सरकारी संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. पुण्या-मुंबईच्या पोरांनी वेळा पटकावल्या आणि गाड्या काढून तालुक्याच्या केंद्रांवर पोहोचले. तिथले लोक दारात उभे राहून बघत होते. मराठी त्या संकेतस्थळावर जूनमध्ये आली. डिजिटल आरोग्याची खेड्यांतल्या कित्येक घरांशी पहिली ओळख ही अशी झाली, हे धोरण आखणाऱ्यांनी विसरू नये.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. १४४१६ हा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून. यात चमकदार काही नाही. फोन लावायचा, मराठी निवडायची, पलीकडे प्रशिक्षित माणूस बोलतो, गरज पडली तर वरच्या तज्ज्ञाकडे जोडून देतो. झोप न येणारा शेतकरी, परीक्षेच्या धसक्यातला मुलगा, बाळंतपणानंतर रडू न आवरणारी बाई यांना ॲप भरायला सांगा, तीन पडद्यांनंतर सोडून देतील. अमेरिकेत पेअर थेरप्युटिक्स या कंपनीच्या व्यसनमुक्तीच्या ॲपला २०१७ मध्ये तिथल्या औषध नियामकाने मान्यता दिली, डॉक्टर ते ॲप औषधासारखं लिहून देऊ लागले. २०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, कारण पैसे द्यायला विमा कंपन्या पुरेशा तयार झाल्या नाहीत. जर्मनीत मात्र २०२० पासून अशी मान्यताप्राप्त ॲपं डॉक्टर लिहून देतात आणि त्यांचे पैसे आरोग्य विमा भरतो. आपल्याकडे खर्चाचा मोठा वाटा रुग्णाच्या खिशातून जातो, तेव्हा तो रास्तपणे विचारतो: पैसे मोजून मला माणूस मिळणार की मोबाईल?

‘माणूस, माणूस करत बसलात तर परवडणार नाही, यंत्रच स्वस्त पडतं,’ असा यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. माणसावर आपण किती खर्च करतो ते तरी पाहू. क्षयाच्या साध्या रुग्णाला सहा महिने सांभाळून उपचार पूर्ण करून घेतला, तर उपचार-साहाय्यकाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी आशाताईला, ठरलेलं मानधन आहे एक हजार रुपये. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी पाच हजार. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा मानधनवाढीबरोबर ‘ऑनलाइन कामाची सक्ती नको’ हीदेखील मागणी होती. तिला तंत्रज्ञानविरोध म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्याबरोबर दिवस काढावा: फोन स्वतःचा, नेटवर्कसाठी टेकडीवर जायचं, एकच माहिती तीन ॲपमध्ये भरायची, आणि तेवढा वेळ घरभेटीतून कापायचा.

म्हणून नव्या साधनाला मंजुरी देताना माझी मागणी अशी की फाइलवर पहिला प्रश्न हा असावा: रुग्णाने यावर उलट काही विचारलं तर उत्तर कोण देणार, कोणत्या भाषेत, आणि त्याला किती पैसे मिळणार? नोंदणी किती झाली हा आकडा मला नको. ज्यांनी विचारलं त्यांतल्या कितींना उत्तर मिळालं, हा आकडा दर महिन्याला जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा. खिडकीवरची सक्ती थांबवा. ओटीपीशिवाय, नुसत्या केसपेपरवर उपचार मिळण्याचा हक्क फलकावर मराठीत लिहा. आणि त्या एक हजार रुपयांचा फेरविचार करा. सहा महिन्यांना भागले तर महिन्याला एकशे सदुसष्ट रुपये पडतात. ताईच्या फोनचं महिन्याचं रिचार्जही त्यात निघत नाही.